पाप्पसची तीनशे माणसं

दर सोमवारी दुपारी मी पहिल्या वर्षाच्या इंजिनीअरिंग मेकॅनिक्सच्या ट्युटोरियलला असते. फेलोशिपच्या अटींतच ते काम आहे, त्यामुळे 'आवडतं का' हा प्रश्न कोणी विचारत नाही (आवडतं). सत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उतारावरचा ठोकळा येतो. मुलं एफबीडी काढतात, अक्ष उताराला समांतर फिरवून घेतात, वजनाचे दोन कॉम्पोनंट करतात, बेरीज शून्य लिहितात. वजन गुणिले साइन थीटा. चार ओळी, दोन मिनिटं, पुढचं गणित.

माझा स्वतःचा पीएचडीचा विषयही उतारच आहे. ठोकळा नाही, दाणे. वाळू किंवा धान्य उतारावरून वाहताना घर्षण कसं वागतं, असा. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात थोडा इतिहास हवा म्हणून मी एक वाक्य टाकलं होतं: उताराचा प्रश्न पाप्पसने चौथ्या शतकात सोडवायचा प्रयत्न केला, पण त्याचं उत्तर चुकीचं होतं. गाईड मॅडमनी त्या वाक्याभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "कुठे चुकलं?"

मी म्हटलं, "मॅडम, उत्तरात साइन यायला हवा होता, तो नीट आलेला नाही."

"ते उत्तराबद्दल झालं. मी विचारतेय कुठल्या पायरीवर चुकलं."

मला सांगता आलं नाही. कारण उघड आहे. मी पाप्पस वाचलाच नव्हता, ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी रिव्ह्यूमधून उचललं होतं. पुढचे दोन आठवडे त्या एका पायरीच्या शोधात गेले. तुमच्यापैकी जे पेट देऊन कोर्सवर्कला बसणार आहेत, त्यांना लिटरेचर रिव्ह्यूत असली वाक्यं ढिगाने लिहावी लागतील, म्हणून ते दोन आठवडे इथे मांडते आहे.

पाप्पस हा अलेक्झांड्रियाचा गणिती, काळ इ.स. ३२०च्या आसपासचा. त्याचा 'संग्रह' नावाचा मोठा ग्रंथ आहे आणि त्याचा आठवा भाग यंत्रशास्त्रावर आहे. त्यात त्याने प्रश्न घातला तो असा: एक वजन सपाट जमिनीवर ओढायला अमुक जोर लागतो. तेच वजन दिलेल्या कोनाच्या उतारावर चढवायला किती जोर लागेल? उदाहरणात त्याने आकडेही दिले आहेत. वजन २०० टॅलेंट, सपाटीवर ओढायला ४० माणसं, उताराचा कोन ६० अंश. अॅटिक टॅलेंट साधारण २६ किलोचा धरला तर हे पाच टनांच्या थोडं वर जातं. त्याचं उत्तर आहे ३०० माणसं.

आता कागद घ्या आणि त्याने काय केलं ते त्याच्याच पद्धतीने काढून बघा. उजवीकडे चढत जाणारा उतार काढा. त्यावर एक गोल ठेवा, कारण पाप्पसने वजनाला गोलाचा आकार दिला आहे. गोल उताराला एका बिंदूत टेकतो आणि तो बिंदू केंद्राच्या बरोबर खाली नसतो, थोडा उजवीकडे असतो. त्या बिंदूतून सरळ उभी रेघ वर न्या. गोलाचा आडवा व्यास काढलात तर ही उभी रेघ त्याला केंद्राच्या उजवीकडे कापते. पाप्पस म्हणतो, हा आडवा व्यास म्हणजे एक तरफ समजा आणि उभी रेघ जिथे कापते तो तिचा टेकू. गोलाचं वजन केंद्रात आहे, म्हणजे टेकूच्या डावीकडे. ते गोलाला खाली लोटू बघतं. मग व्यासाच्या उजव्या टोकाला किती वजन ठेवलं म्हणजे तोल साधेल?

केंद्र टेकूपासून किती लांब? त्रिज्या गुणिले साइन ६०. उजवं टोक किती लांब? त्रिज्येतून तेवढं वजा केल्यावर उरतं ते. त्रिज्येचे १२० भाग केले तर हे १०४ आणि १६ असे येतात. म्हणजे उजव्या टोकाला २०० गुणिले १०४ भागिले १६, बरोबर १३०० टॅलेंट ठेवावे लागतील. आता २०० टॅलेंटला सपाटीवर ४० माणसं लागतात, तर १३०० टॅलेंटला २६०. दोन्ही मिळून ३००.

कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात हे सगळं सुबक आहे, आणि पहिल्यांदा वाचताना मला त्यात काहीच खटकलं नाही. हे कबूल करायला हवं. 'चुकीचं उत्तर' असं आधीच लिहून मोकळी झालेली मी, प्रत्यक्ष मांडणी समोर आल्यावर मान डोलावत होते.

मग मी ते सूत्ररूपात लिहिलं. पाप्पसचं उत्तर म्हणजे ४० भागिले (१ वजा साइन ६०). असं लिहिल्याबरोबर एक गोष्ट डोळ्यांत भरली. २०० टॅलेंट गेले कुठे? वजनाचा आकडा उत्तरात उरलाच नाही. सपाटीवर ४० माणसांनी हलणारी कुठलीही वस्तू, मग ती २०० टॅलेंटची असो की २००० टॅलेंटची, ६० अंशांच्या चढावर ३०० माणसंच मागते. हे मनाला पटत नाही, पण न पटणं म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून पुढे टोकाच्या किमती घालून बघितल्या.

कोन ९० अंश करा. साइन १ होतो, छेद शून्य होतो आणि माणसं अनंत लागतात. पण ९० अंशांचा उतार म्हणजे भिंत, आणि भिंतीलगत वजन कप्पीने उचलायला २०० टॅलेंटचाच जोर पुरतो. विहिरीतून बादली काढताना कोणाला अनंत जोर लावावा लागत नाही. म्हणजे पाप्पसच्या हिशेबात चढणं हे उचलण्यापेक्षा अवघड झालं, आणि उताराचा सगळा उपयोगच निकालात निघाला.

आता दुसरं टोक. जमिनीला तेल लावा, गुळगुळीत करा. समजा सपाटीवर ४० ऐवजी ४ माणसं पुरू लागली. पाप्पसच्या सूत्रानुसार चढावरही ३० पुरतील. अजून गुळगुळीत करा, तर चढावरचा आकडाही शून्याकडे जातो. म्हणजे पुरेसं तेल असेल तर पाच टनांचा गोळा ६० अंशांच्या चढावर बोटाने ढकलता येईल.

या दुसऱ्या टोकाने माझं काम झालं. पण मॅडमचा प्रश्न 'चूक आहे का' असा नव्हता, 'कुठे' असा होता. ते शोधताना मला जे सापडलं त्याचं मला अजून नवल वाटतं. तरफेची पायरी चुकलेलीच नाही. टेकणाऱ्या बिंदूभोवती मोमेंट घ्या, आजच्या पद्धतीने. गोल त्या बिंदूवर घसरत नाही असं धरलं, तर उजव्या टोकाला १३०० टॅलेंट ठेवल्यावर गोलाचा तोल खरोखरच साधतो. हिशेब बरोबर आहे. फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचा आहे. 'त्या जागी किती वजन ठेवलं तर तोल साधेल' आणि 'दोराने किती जोराने ओढलं तर चढेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाप्पसने पहिल्याचं उत्तर काढलं आणि मग असं धरून चालला की तोल साधला म्हणजे उतार नाहीसा झाला, आता ही दोन्ही वजनं सपाटीवर ओढल्यासारखीच आहेत. चूक या धरून चालण्यात आहे.

आणि त्याने मोमेंटसाठी घेतलेला बिंदू? अगदी योग्य. तिथेच उभं राहून उजव्या टोकाच्या वजनाऐवजी केंद्रातून उताराला समांतर ओढणारा दोर घेतला असता, तर दोराचा आर्म पूर्ण त्रिज्या आला असता. वजनाचा आर्म त्रिज्या गुणिले साइन. त्रिज्या कटली की उरतं वजन गुणिले साइन. ट्युटोरियलमधल्या मुलांचं उत्तर. पाप्पस त्याच्यापासून एका रेघेवर होता.

ती रेघ त्याने का ओढली नाही? माझ्या मते याचं कारण हुशारी कमी-जास्त असण्यात शोधू नये. ग्रीक यंत्रशास्त्रात, आर्किमिडीजपासून, वजनांच्या तोलाचं पक्कं गणित एकाच गोष्टीचं होतं, ते म्हणजे तरफ किंवा तराजू. तराजूत जोर म्हणजे वजन आणि वजन नेहमी सरळ खाली. तिरकस दिशेने लागणारा जोर मांडायची सोयच त्या भाषेत नव्हती. आपण एफबीडीत कुठल्याही दिशेला बाण काढतो, तेव्हा आपण किती मोठी परवानगी गृहीत धरतो हे लक्षात येत नाही.

पुढची गोष्ट सरळ रेषेत जात नाही. तेराव्या शतकात यॉर्डानस द नेमोरे याच्या नावावर असलेल्या लॅटिन ग्रंथात उताराचं उत्तर बरोबर आलेलं आहे: एकाच उंचीच्या दोन उतारांवर दोन वजनं दोरीने जोडली असतील, तर वजनांचं गुणोत्तर उतारांच्या लांबीच्या गुणोत्तराइतकं असताना तोल राहतो. एक वजन थोडं खाली सरकलं तर दुसरं किती वर उचललं जाईल, या विचारावर तो युक्तिवाद उभा आहे. आज आपण त्याला व्हर्च्युअल वर्क म्हणू. म्हणजे प्रश्न सुटलेला होता. तरी १५७७ साली गुईदोबाल्दो देल मोंते या इटालियन सरदाराने यंत्रशास्त्रावरचं त्या काळातलं सगळ्यात भारदस्त पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याने यॉर्डानसला बाजूला सारून पाप्पसचं उत्तर घेतलं. त्याच्या दृष्टीने पाप्पसची रीत भूमितीची होती, आर्किमिडीजच्या वळणाची. यॉर्डानसची रीत त्याला ढिसाळ वाटली. सुबक मांडणी आणि चुकीचं उत्तर एका बाजूला, थोडी धूसर मांडणी आणि बरोबर उत्तर दुसऱ्या बाजूला, आणि त्याने सुबकपणा निवडला. मला त्याला हसता येत नाही, मी स्वतः मान डोलावली होती.

हाच गुईदोबाल्दो तरुण गॅलिलिओचा आश्रयदाता. १५८९ला पिसाची आणि १५९२ला पाडुआची नोकरी गॅलिलिओला मिळाली, त्यात त्याच्या शब्दाचा वाटा होता. पाडुआत शिकवण्यासाठी गॅलिलिओने यंत्रशास्त्रावर टिपणं लिहिली, आजचं रूप साधारण १६००च्या सुमाराचं, आणि त्यात पाप्पसचं नाव घेऊन चूक दाखवली. त्याचा आक्षेप आपल्या तेलाच्या जमिनीचाच आहे. सगळे अडथळे काढून टाकले तर सपाटीवर वजन हलवायला कितीही छोटा जोर पुरतो, म्हणून सपाटीवरच्या जोरावर उताराचा हिशेब उभा करणं हेच मुळात चूक. मग तो तराजूची दांडी वर्तुळात फिरवतो. दांडीचं टोक खाली येत जातं तसं त्यावरचं वजन टेकूच्या जवळ येतं आणि त्याचा जोर कमी होतो. वर्तुळावरच्या त्या जागी काढलेली स्पर्शरेषा म्हणजेच उतार. उत्तर येतं: उताराची लांबी आणि उंची यांचं जे गुणोत्तर, तेच वजन आणि जोर यांचं. हत्यार जुनंच, तरफ. फक्त तिचा हात वाकवला. ही टिपणं गॅलिलिओने छापली नाहीत, त्यांच्या हस्तलिखित प्रती फिरत राहिल्या, आणि १६३४ मध्ये मेर्सेनने त्यांचं फ्रेंच रूप प्रसिद्ध केलं.

याच्या थोडं आधी, १५८६ मध्ये, उत्तरेकडे सिमॉन स्टेव्हिन या ब्रूझच्या माणसाने तरफ पूर्ण वगळून हा प्रश्न सोडवला होता. लॅटिनमध्ये नाही, मुद्दाम डचमध्ये. त्याची आकृती तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेली असेल. एक त्रिकोण, पाया आडवा, डावी बाजू उजवीच्या दुप्पट लांब. त्याच्याभोवती सारख्या अंतरावर ओवलेल्या १४ गोळ्यांची बंद माळ. लांब बाजूवर ४ गोळे, आखूड बाजूवर २, उरलेले ८ खाली झोळीसारखे लोंबतात.

स्टेव्हिन विचारतो, माळ हलेल का? समजा लांब बाजूचे चार गोळे जड ठरले आणि माळ त्या बाजूने एका गोळ्याइतकी सरकली. आता काय दिसतं? लांब बाजूवर ४, आखूडवर २, खाली ८. जसंच्या तसं. जे कारण आधी होतं ते अजून आहे, म्हणून माळ पुन्हा सरकेल, आणि मग कायमची फिरतच राहील. असं होत नाही. म्हणून माळ हलत नाही. खालची झोळी दोन्ही बाजूंना सारखीच ओढते, ती कापून टाका. उरले लांब बाजूवरचे ४ आणि आखूड बाजूवरचे २, आणि ते तोलात आहेत. झालं. वजन लांबीच्या प्रमाणात.

या युक्तिवादात एक खोच आहे, आणि रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला कोणी विचारली तर कामाला येईल. खऱ्या लाकडी त्रिकोणावर खरी माळ टाकली आणि ती हलली नाही, तर काय सिद्ध होतं? काहीच नाही. घर्षणामुळे ती कशीही थांबली असती. स्टेव्हिनचं म्हणणं घर्षण नसलेल्या माळेबद्दल आहे, आणि तशी माळ कोणी पाहिलेली नाही. मग 'कायमची फिरणार नाही' हे त्याला कुठून ठाऊक? एर्न्स्ट माखने १८८३च्या यंत्रशास्त्राच्या इतिहासात याच जागी बराच वेळ घालवला आहे. त्याच्या मते ही खात्री सिद्धतेतून आलेली नाही, आयुष्यभर वस्तू हाताळताना नकळत साठत गेलेल्या अनुभवातून आली आहे. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. तो अनुभव पाप्पसच्या काळातल्या गवंड्यांनाही होता. त्याला प्रश्नाच्या तोंडाशी आणून उभं करणारी आकृती त्यांच्याकडे नव्हती.

इथून बाण यायला आणखी शंभर वर्षं. तिरकस जोरांची बेरीज समांतरभुज चौकोनाने करायची ही रीत १६८७ या एकाच वर्षी तिघांनी छापली: न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त, पॅरिसमध्ये पिएर व्हारिन्योंने, आणि बेर्नार लामी या पाद्रीने. हाच तो लामी, ज्याचं प्रमेय आपल्याकडची पहिल्या वर्षाची पुस्तकं अजून शिकवतात आणि ज्याच्याबद्दल त्यापलीकडे एक ओळही देत नाहीत. व्हारिन्योंच्या मांडणीत उतार स्वतः वस्तूला काटकोनात ढकलतो आणि तो जोर बाकीच्या जोरांच्या पंगतीला बसतो. मागे एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, जमीन कशी काय ढकलेल? ती तर नुसती आहे." वर्गात बाकीचे हसले. पण पाप्पसच्या आकृतीत जमीन खरंच नुसती आहे, आणि स्टेव्हिनच्या माळेतही.

अक्ष काढून कॉम्पोनंट लिहिणं तर त्याहून नवं. न्यूटनमध्ये ते आपल्या रूपात सापडत नाही, तिथे भूमिती आहे. स्थिर, एकमेकांना काटकोनात असलेले तीन अक्ष घ्यायचे आणि प्रत्येकावर वस्तुमान आणि त्वरणाचं समीकरण लिहायचं, हे ऑयलरने १७५० मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलं. निबंधाच्या नावातच त्याने याला यंत्रशास्त्राचं नवं तत्त्व म्हटलं आहे. 'प्रिन्सिपिया'नंतर ६३ वर्षांनी! त्याच्या समीकरणांत एक जादा २ दिसतो. तो मापनाच्या एककांमुळे आहे, घाबरू नका, मी अर्धा दिवस घाबरले होते.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल की हे सगळं थांबलेल्या वस्तूंचं झालं. गतीचं काय? तर गतीची वाटही याच उतारावरून गेली आहे, आणि ती एका विद्यार्थ्याच्या शंकेमुळे नीट बांधली गेली.

१६३८च्या 'दोन नवी शास्त्रे' या ग्रंथात गॅलिलिओने एक गोष्ट सिद्ध न करता गृहीत धरली आहे: वेगवेगळ्या उतारांवरून पण सारख्याच उंचीवरून खाली आलेल्या वस्तूंचा तळाशी वेग सारखाच असतो. आज आपण ऊर्जेवरून हे एका ओळीत लिहितो, तेव्हा तो शब्दही नव्हता. पुढच्या वर्षी विन्चेन्झो विवियानी हा सतरा वर्षांचा मुलगा आर्चेत्रीला, नजरकैदेतल्या आणि एव्हाना आंधळ्या झालेल्या गॅलिलिओजवळ राहायला आला. वाचता वाचता त्याने विचारलं की हे गृहीत का धरायचं, याला आधार काय? म्हाताऱ्याने रात्री जागून विचार केला आणि आधार सापडला तो कुठे, तर पाडुआच्या त्या जुन्या टिपणांत. उतारावर वजनाचा जोर ज्या गुणोत्तरात कमी होतो, त्याच गुणोत्तरात वेग वाढण्याचा दर कमी होतो. मग उतार जितका लांब, तितका दर कमी आणि अंतर जास्त, आणि तळाचा वेग तोच. ही सिद्धता गॅलिलिओच्या मृत्यूनंतर १६५६च्या आवृत्तीत ग्रंथात घातली गेली. स्टॅटिक्सचा निकाल डायनॅमिक्सच्या पायात गेला, तो इथे.

गॅलिलिओच्या प्रयोगातही एक सापळा आहे, तो ट्युटोरियलमध्ये मी हमखास लावते. त्याने साधारण १२ हात लांब लाकडी तुळईत खोबण कोरून, तिला गुळगुळीत चर्मपत्र चिकटवून, पितळेसारख्या धातूचा गोळा सोडला आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याचं वजन करून वेळ मोजली. वेळेच्या वर्गाचं प्रमाण बरोबर आलं. पण त्याचा गोळा घरंगळत होता, घसरत नव्हता. सपाट उतारावर घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याचं त्वरण घसरणाऱ्या ठोकळ्याच्या ५/७ पटच असतं, बाकीचं फिरण्यात जातं. खोबणीत गोळा दोन कडांवर टेकला तर हा आकडाही आणखी खाली येतो. वर्गाचं प्रमाण यामुळे बिघडत नाही, म्हणून गॅलिलिओ सुटला. पण त्याच प्रयोगातून मोकळ्या पडण्याचं त्वरण काढायला गेलात तर फसाल. फिरण्याचा हिशेब मांडणारी राशी हायगेन्सच्या १६७३च्या लंबकाच्या ग्रंथापर्यंत कोणाच्या हातात नव्हती.

आता परत पाप्पसकडे, कारण त्याचं गणित अजून पुरं झालेलं नाही. आपल्या रीतीने ते सोडवा, दोर उताराला समांतर, वजन घसरत वर जातंय असं धरून. माणसांची संख्या येते ४० गुणिले (कॉस ६० अधिक साइन ६० भागिले म्यू). म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक, आणि तो पाप्पसने दिलेला नाही. देऊ शकत नव्हता. सपाटीवर ४० माणसं लागतात एवढं सांगून भागत नाही, एक माणूस किती टॅलेंटच्या जोराने ओढतो हे सांगायला हवं होतं. तेव्हाच २०० या आकड्याला काही काम उरलं असतं. म्हणजे पाप्पसचा प्रश्नच अपुरा होता, आणि त्याच्या पद्धतीत तो अपुरा आहे हे दिसत नव्हतं. मॅडमना मी शेवटी जे उत्तर नेलं ते हे. त्यांनी 'हं' म्हटलं आणि विचारलं, "मग ३०० हे बरोबर कधी येतं?" तेही काढून नेलं. म्यू ०.१२४ असेल तर बरोबर ३००. असा एखादा गुळगुळीत पृष्ठभाग कुठेतरी नक्की असेल आणि तिथे कोणी मोजून बघितलं असतं, तर पाप्पस खरा ठरला असता.

घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं हे गियोम आमोंतोंने १६९९ मध्ये पॅरिसच्या अकादमीला सांगितलं आणि प्रमाण साधारण एक तृतीयांश दिलं. रोशफोरच्या गोदीत मोठ्या वजनांवर प्रयोग करून कुलोमने १७८१ मध्ये अकादमीचं बक्षीस मिळवलं. त्यात त्याने दाखवलं की हा आकडा लाकडागणिक, वंगणागणिक आणि वस्तू किती वेळ टेकून उभी होती त्यानुसार बदलतो. माझा प्रबंध या शेवटच्या गोष्टीच्या आसपास कुठेतरी घुटमळतो आहे, त्यावर पुढच्या पोस्टमध्ये.

तूर्त आमोंतोंचा एक तृतीयांश घालून बघा. सपाटीवर प्रत्येक माणूस दीड टॅलेंटच्या थोडं वर ओढतो, म्हणजे ४३ किलोच्या आसपास, जे माणसाला जमण्यासारखं आहे. चढावर उत्तर येतं १२४ माणसं. आणि हे फक्त चढवताना. ६० अंशांवर एक तृतीयांश घर्षण वजनाला धरून ठेवू शकत नाही, त्यामुळे मुकादमाने मध्येच विश्रांती दिली तरी ८४ जणांना दोर ताणूनच उभं राहावं लागेल. पाणी प्यायला जाता येईल ते उरलेल्या ४० जणांना.